आरटीईचा दुबार अर्ज भरतानाच अडवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षण हक्क (आरटीई) कायदा, २००९ च्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या पहिल्या वर्गाच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांसाठी असतात व आपल्या राज्यात त्यांचे प्रवेश ऑनलाइन अर्ज आणि सोडत या मार्गाने होतात. एका बालकासाठी एकच अर्ज भरावा, दुबार अर्ज आढळल्यास त्या बालकाचा एकही अर्ज सोडतीसाठी विचारात घेतला जाणार नाही, अशी सूचना पालकांना दिली जाते. एका बालकाला एकच अर्ज, हे मला पूर्णपणे मान्य आहे; सोडतीत एकाच्या नावाने दोन चिठ्ठ्या पडल्या, तर कोणा दुसऱ्याच्या लेकराची संधी तेवढी कमी होते. माझा आक्षेप आहे तो दोन्ही अर्ज बाद करण्याला.

दुसरा अर्ज लबाडीनेच भरला जातो, असे मानणे अन्यायाचे आहे. या योजनेतील बहुतेक पालक मोलमजुरी करणारे असतात. ते अर्ज नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रावर भरून घेतात, मोबाइल क्रमांक कधी शेजाऱ्याचा तर कधी केंद्रचालकाचा दिला जातो आणि अर्ज क्रमांकाची पावती जपून ठेवायची असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. अर्जातील नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी पडली, की शाळेचे अंतर बदलते आणि एक किलोमीटरच्या आतली शाळा हातची जाते. ही चूक लक्षात आल्यावर आधीचा अर्ज रद्द करून नवा भरायला हवा, पण घाबरलेले आईवडील दुसऱ्या केंद्रावर जाऊन थेट नवा अर्ज भरतात. आपले मूल सोडतीतूनच बाहेर गेले, हे त्यांना निकालाच्या दिवशीही धड कळत नाही.

म्हणून दुसरा अर्ज भरला जात असतानाच संगणकाने तो थांबवावा आणि ‘या बालकाचा अर्ज आधीच आलेला आहे, तो दुरुस्त करायचा आहे का?’ असे मराठीत विचारावे. ही तपासणी मोबाइल क्रमांकाला जोडून चालणार नाही, कारण एका घरात एकच फोन असतो आणि भावंडांचे अर्जही त्यावरूनच भरले जातात. निव्वळ आधारवर विसंबणेही योग्य नाही. आधार नाही म्हणून बालकाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केले आहे. जन्म दाखल्यावरील नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि आईचे नाव यांची एकत्र पडताळणी हा मला त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग वाटतो. बालकाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन केंद्रांवर दोन तऱ्हांनी लिहिले गेले, तरी नोंदणी क्रमांक बदलत नाही. जुळ्या भावंडांची जन्मतारीख, आई आणि पत्ता एकच असतो, तरी प्रत्येकाच्या जन्माची नोंद स्वतंत्र असते. त्यामुळे त्यांचे अर्ज दुबार ठरण्याची भीतीही राहत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या शाळाप्रवेशासाठी जन्म दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा मानण्याची तरतूद कायद्यात झालेलीच आहे. ती मुले पहिलीच्या वयाची होण्याआधी हा बदल सहज करता येईल.

तोवर निदान एवढे व्हावे, की सोडतीपूर्वी दुबार अर्जांची यादी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आणि शाळांच्या फलकांवर लावावी आणि पालकांना त्यातील एक अर्ज निवडण्यासाठी काही दिवसांची मुदत द्यावी. पोलीस भरतीत एकाच पदासाठी अनेक अर्ज भरणाऱ्या उमेदवारांना २०२४ मध्ये हमीपत्र देऊन एक अर्ज निवडण्याची मुभा मिळाली होती. सज्ञान उमेदवारांना जी सवलत देता आली, ती अर्जावर स्वतः बोटही न ठेवलेल्या सहा वर्षांच्या मुलाला नाकारण्याचे कारण शिक्षण संचालनालयाने जाहीरपणे सांगावे, अथवा येत्या प्रवेशप्रक्रियेपासून ती द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा