तळ्याचं काय करायचं

सिडनी,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. हे आधीच लिहून टाकते, कारण सागर पत्र वाचून दाखवताना मधूनच कुठूनतरी सुरू करतो. संदीपच्या मित्राचे वडील बुधवारी पुण्याला निघालेत, त्यांच्या पिशवीतून हे पत्र आणि अर्णवचा शाळेचा फोटो येईल. फोनवर बोलायचं म्हटलं तर रेंज जाते आणि मग आई अशी ओरडते, जणू मी माणगंगेच्या पलीकडच्या काठावर उभी आहे.

आई, मागच्या रविवारी व्हिडिओत मागचं अंगण दिसलं आणि तू काही न बोलता फोन सागरकडे दिलास. तेव्हाच कळलं. होय, या घराला पोहण्याचा तलाव आहे. ऑगस्टमध्ये घर घेतलं तेव्हा सांगायचं राहून गेलं. बरं, राहून गेलं नाही, मुद्दाम सांगितलं नाही. धाकट्या मामाचं तू कधी बोलत नाहीस, पण विहिरीजवळून जाताना माझं मनगट किती घट्ट धरायचीस ते मला आठवतं.

पण इथली गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट सांगितल्याशिवाय तुला झोप लागायची नाही. इथे अंगण आपलं, घर आपलं, कर्जही आपलंच, तरी तलावाभोवती कुंपण कसं असावं ते सरकार ठरवतं. इथला 1992 चा कायदाच आहे तसा. कुंपण कमीत कमी 1.2 मीटर उंच हवं. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं आणि हात सोडला की त्याने आपोआप मिटून कडी लावून घ्यायला हवी. कडी दीड मीटरवर, म्हणजे अर्णवने टाचा उंचावल्या तरी पोचत नाही. फाटकाला वीट लावून ते उघडं ठेवणं हासुद्धा गुन्हा. कुंपणाबाहेर 90 सेंटीमीटरच्या आत मुलाला पाय देऊन चढता येईल असं काही ठेवायचं नाही. खुर्ची नाही, मोठी कुंडी नाही. मी नव्या घरात हौसेने तुळशीवृंदावन मांडलं होतं, ते तपासनिसाने टेपने मोजलं आणि म्हणाला, हे हलवा, ही पायरी आहे. आपल्या तुळशीला पायरी म्हणाला! मी हलवलं. यंदा तुळशीचं लग्न स्वयंपाकघराच्या दाराशी लागलं. वर बुडालेल्याची छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा, याची चित्रांची पाटी तलावाशी लावावी लागते. बाजारातून फुगवायचा हौद आणला आणि त्यात 30 सेंटीमीटरहून जास्त पाणी भरता येत असेल, तर त्यालाही कुंपण. आधीच्या मालकाचं फाटक नीट मिटत नव्हतं, म्हणून आम्हाला घर ताब्यात आल्यापासून 90 दिवसांची मुदत होती. गेल्या आठवड्यात दाखला मिळाला. तेव्हा काळजी करू नकोस.

तरीही तो ठेवायचा की बुजवायचा, यावर रोज रात्री जेवताना आमची पंचायत बसते. संदीप म्हणतो बुजवू, वर हिरवळ करू. वाटतं तितकं ते सोपं नाही. नगरपालिकेला विचारावं लागतं, तळाला भोकं पाडावी लागतात म्हणजे पाणी साचत नाही, वरचा काठ फोडायचा आणि मग भर थराथराने दाबत आणायची, नाहीतर दोन वर्षांनी जमीन खचते. नुसता रिकामा करून ठेवावा म्हटलं तर तेही नाही. अण्णा, हे तुम्हाला आवडेल: मोठा पाऊस झाला की जमिनीतलं पाणी खालून दाबतं आणि काँक्रीटचा अख्खा रिकामा हौद होडीसारखा वर उचलला जातो. मला आधी खरं वाटेना.

तिसरा मार्ग माझ्या मनात होता. इथून उत्तरेला कू-रिंग-गाय नगरपालिका आहे, तिने लोकांना असे तलाव तळी करून द्यायला मदत केली. क्लोरिन बंद करायचं, पाणवनस्पती लावायच्या आणि आपण हौदात गप्पी सोडतो तसे पॅसिफिक ब्लू-आय नावाचे अर्ध्या बोटाएवढे मासे सोडायचे. ते डासांच्या अळ्या खातात. मग बेडूक येतात. संदीप म्हणाला, बेडकांमागून साप येतील. विषय संपला.

सध्या झाडांवर जॅकरांडाचा बहर आहे. निळीजांभळी फुलं रात्रभर पाण्यात पडतात, सकाळी जाळीने काढत बसते. दिसतं फार सुंदर, पण गाळणी तुंबते. पाण्याची आम्लता तपासायची, मीठ टाकायचं, पंप चालवायचा. एखाद्या दुभत्या म्हशीसारखं त्याचं करावं लागतं, आणि दूध काही नाही.

अण्णा, तुम्ही विचारलं नाहीत, पण मीच सांगते. त्यात साधारण पन्नास हजार लिटर पाणी आहे. आपल्या वस्तीवर येणारा टँकर दहा-बारा हजारांचा. म्हणजे चार-पाच टँकर माझ्या मागच्या अंगणात आहेत आणि त्यावर फुलं तरंगतायत. पहिल्या दिवशी मी हा हिशेब केला आणि नंतर कुणाजवळ बोलले नाही. शेजारच्या आजी सांगतात, 2019 च्या शेवटी इथेही बागेला नळी लावायला बंदी होती, झारीनेच पाणी घालायचं, तेही सकाळी दहाच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर. त्यांना ते मोठं संकट वाटतं. मी मान डोलावते.

आता खरं ते. मी पोहायला शिकतेय. दादाला तुम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललंत, सागरलाही. मी काठावर कपडे सांभाळत बसायचे. मुलींनी उतरायचं नाही म्हणालात, मी विचारलंही नाही. आता छत्तिसाव्या वर्षी मी आणि अर्णव शनिवारी बरोबर शिकतो. तो माझ्यापुढे गेलाय. हा उन्हाळा तरी तलाव राहू दे असं मी संदीपला सांगितलंय.

बुजवायचा खर्च सोळा हजार डॉलर सांगितलाय. रुपयांत लिहीत नाही, तुम्ही करालच. तेवढे आमच्याकडे आत्ता नाहीत, पण दीड लाख बाजूला ठेवलेत. सागर म्हणाला शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद फाटलाय आणि तुम्ही तळं मोडायचं म्हणताय. मोडू नका. पैसे सोमवारी आईच्या खात्यात येतील. परतीचं बोलायचं नाही.

सागरचं ठरतंय हे ऐकून आनंद झाला. फलटणच्या पाहुण्यांना घराला तलाव आहे हे कुणी सांगितलं? त्यावरून ते मानपानाची यादी वाढवतील. अण्णा, चैत्रात लग्न लागत नाही, आणि वैशाखात अर्णवची शाळा. पुढे तर अधिक महिना. मी एकटी तरी येईन, आठ दिवसांसाठी. रजेचा अर्ज अजून दिलेला नाही, पण येईन. हळद लावायला बहीण हवी, हे मला कळतं.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

कागद पाचशे मायक्रॉनचाच घ्या, स्वस्तातला नको. आणि अण्णा, शेततळ्याला चारी बाजूंनी तारेचं कुंपण घाला, आत ट्यूब बांधलेला दोर सोडा. दादाची पोरं सुट्टीला तिथेच असतात. त्याचे पैसे वेगळे पाठवते.

तुमची,
सुनी