तुझं अंगण, माझं पार्किंग

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय दिल्या,

गाडी विकायला काढलीस हे बरं केलंस. इलेक्ट्रिक घेऊ की परत पेट्रोलच, ते एका वाक्यात कळव म्हणतोस. एका वाक्यात बोलणारा मी असतो तर तुझ्याशी इतकी वर्षं पटलंच नसतं.

तरी उत्तर आधी देतो: इलेक्ट्रिक घे. पुण्यात सगळ्यांना वाटतं की ही शहरातली गाडी, गावाकडच्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. माझं मत आता बरोब्बर उलटं झालंय. ज्याची गाडी स्वतःच्या दारात उभी राहते आणि ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, त्याच्यासाठी ही गाडी. म्हणजे तुझ्यासाठी. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी तळमजल्यावर, मीटर जिन्याखाली, आणि या तिघांच्या मध्ये सोसायटीची कमिटी.

कमिटीचं काय सांगू! पार्किंगमध्ये एक पंधरा ॲम्पिअरचं सॉकेट हवं होतं, एवढीच मागणी. "आग लागली तर?" "कॉमन मीटरवर खेचणार नाही कशावरून?" "उद्या सगळेच मागतील." शेवटचा प्रश्न मात्र खरा होता. सगळ्यांनी मागितलं तर इमारतीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचायची ती ठरलेली मर्यादा, पुरणार नाही, हे मलाही मान्य. घरच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. तो कागद मी सभेत वाचून दाखवला. त्यावर एक काका म्हणाले, "केंद्राचं केंद्रात." अखेर माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने, पाइपातून केबल खाली आली. आता तेच काका येता-जाता विचारतात, "महिन्याला बिल किती येतं हो?"

तर बिल. माझ्या जुन्या गाडीने कर्वे रोडच्या गर्दीत लिटरला बारा-तेराच्या वर कधी दिलं नाही. पेट्रोल शंभराच्या पुढे, म्हणजे किलोमीटरला आठेक रुपये. ही गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर एकदम उडी मारतो आणि गाडीमुळे आपण त्या वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो. तरीही किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपासच पडतात. बाहेर फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये किंवा त्याहून जास्त मोजले की फायदा पातळ होतो. घरी प्लग नसलेल्याला मी ही गाडी घे असं सांगतच नाही.

तुझं गणित तर आणखी वेगळं. गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलंस तर उन्हाच्या दिवसांत रोज बारा युनिटं सहज. तीन किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. बारा युनिटं म्हणजे ऐंशी किलोमीटर, आणि तू रोज शेत, कारखाना, मार्केट यार्ड धरून त्याच्या निम्मंही फिरत नाहीस. पावसाळ्यात हा हिशोब कोसळतो, तो भाग सोड. शिवाय तुमच्या उशाला १,९६० मेगावॉटची कोयना असली, तरी रात्री सॉकेटमधून येते ती बरीचशी कोळशाचीच वीज. त्यामुळे फार पुण्य पदरात पडलं असं समजू नकोस. पण धूर तुझ्या अंगणात होत नाही, आणि गच्चीवरचं ऊन कोळशाचं नसतं.

चिपळूणची काळजी तू करणार हे मला ठाऊकच होतं. कराडहून जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. एका चार्जमध्ये गाडी किती जाते याचा कंपनी जो आकडा सांगते तो चाचणीतला असतो, त्यातून चतकोर भाग वजा करून धर. ४५ युनिटांच्या बॅटरीची गाडी तरीही अडीचशेच्या पुढे जाते. कुंभार्ली घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते आणि बॅटरीत थोडं परत भरते, ब्रेकला पायही फारसा लागत नाही. येताना मात्र सहाशे-सातशे मीटर चढायचंय. नुसत्या त्या उंचीपायी तीन-साडेतीन युनिटं जातात. खाली काटा पंधरा टक्क्यांवर आलेला असताना घाटाला भिडू नकोस, बाकी भिण्यासारखं काही नाही.

पुण्याला यायचं तर हायवेवर चार्जर आहेत. वैताग येतो तो ॲपचा. ज्या कंपनीचा चार्जर तिचं वेगळं ॲप, त्यात आधी पैसे भरा, मग कळतं की मशीन बंद आहे. दोन-तीन ॲप आधीच घेऊन ठेव. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तेव्हा शंभरची वाट बघत बसू नकोस. चहा संपला की निघायचं. आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या टोलमाफीच्या भरवशावर राहू नकोस. ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे हे तुझ्या वाटेवरचे नाके तुला पूर्वीसारखेच लुटणार.

मला मनापासून खटकतं ते एकच. तुमचा तो स्टँडजवळचा मिस्त्री, बॉनेटला कान लावून रोग सांगणारा, त्याच्या हाती यात काहीच उरत नाही. ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाहीत. जे आहे ते सॉफ्टवेअर, आणि ते फक्त कंपनीचं सर्व्हिस सेंटर उघडणार. बॅटरीला साधारण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. त्यापुढे गाडी विकताना काय भाव येईल, याची मीही बढाई मारणार नाही. टायर लवकर झिजतात, कारण गाडी जड. आणि गंमत म्हणजे हिच्यातही जुनी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

चार्जर भिंतीवर उंच लाव. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग बुडाली होती, आणि २०१९ चा कृष्णेचा पूर तू स्वतः पाहिलायस.

बाकी, ऊस लावणाऱ्या माणसाने पेट्रोल सोडलं तर तुमच्या कारखान्याचं इथेनॉल प्यायचं कोणी, हा प्रश्न वहिनींनी विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही. तसंही वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तुझं मायलेज घटलं म्हणून तूच बोंबलत होतास.

बुकिंगच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घे. लाइट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तोही बघ. तीन किलोवॉट असेल तर वाढवायचा अर्ज लगेच टाक, त्याला वेळ लागतो. आकडा मला फोनवर सांग. आईंना नमस्कार.

तुझा,
अन्या