‘ओल्ड फॅशन्ड’मध्ये सोडा नको, बिटर्स हवेत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ‘ओल्ड फॅशन्ड’ या व्हिस्की कॉकटेलची कृती वाचली. मराठी वृत्तपत्राने हा विषय नाक न मुरडता छापला, याचा आनंद आहे. मात्र त्या कृतीत संत्र्याच्या फोडी व चेरी ग्लासात ठेचून वरून सोडा ओतायला सांगितले आहे आणि बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क) ‘मिळाल्यास’ घालावेत, असे म्हटले आहे. या शेवटच्या सवलतीमुळेच हे पत्र लिहीत आहे.

कॉकटेल म्हणजे काय, असे एका वाचकाने विचारले तेव्हा न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये उत्तर दिले होते, की कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल. पुढे बारमध्ये त्यात तऱ्हेतऱ्हेची लिक्युअर (गोड, स्वादयुक्त मद्ये) पडू लागली, तेव्हा मुरलेली गिऱ्हाइके ‘जुन्या पद्धतीचे द्या’ असे सांगू लागली आणि तेच त्याचे नाव झाले. बिटर्स वगळले तर उरते ती नुसती गोड व्हिस्की. अंगोस्तुरा बिटर्स हे मुळात योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरांनी १८२४ मध्ये व्हेनेझुएलात पोटाच्या तक्रारींसाठी बनवलेले औषध. आज ते त्रिनिदादमध्ये तयार होते. त्याचे काम आमटीतल्या हिंगासारखे आहे: लागते दोन-तीन शिंतोडेच, पण नसले तर पहिल्याच घोटाला कळते. बाटली महाग वाटते खरी, पण घरात ती वर्षानुवर्षे पुरते.

साखरेबाबतही एक खुलासा हवा होता. साखर व्हिस्कीत सहजी विरघळत नाही, म्हणून ती आधी चमचाभर पाण्यात आणि बिटर्समध्ये विरघळवून घेतात. त्याहून सोपे म्हणजे समभाग साखर व पाणी गरम करून साखर विरघळताच उतरवावे. एकतारी होऊ देऊ नये, कारण दाट पाक गार व्हिस्कीत तळाशी जाऊन बसतो. मोठ्या पेगला, म्हणजे ६० मि.लि.ला, असा एक छोटा चमचा पाक पुरे. बर्बन ही अमेरिकी व्हिस्की असेल तर त्याहून थोडा कमीच घालावा, कारण निम्म्याहून अधिक मक्यापासून बनणारी आणि आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरणारी ती व्हिस्की मुळातच गोडसर लागते.

सर्वांत दुर्लक्षित घटक बर्फ आहे. वर सांगितलेल्या व्याख्येतले पाणी खऱ्या अर्थाने बर्फच पुरवतो, त्यामुळे वेगळ्या सोड्याची गरजच राहत नाही. फ्रीजच्या ट्रेमधले बारीक तुकडे भराभर वितळून पेय पांचट करतात. त्याऐवजी स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून एकच मोठा खडा करावा आणि ग्लास बाहेरून गार लागेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, संथपणे ढवळावे. हलवून फेस आणण्याचे हे पेय नव्हे.

फळे ठेचण्याची पद्धत अगदीच निराधार नाही, हेही मान्य करायला हवे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ब्रँडी, ठेचलेली फळे आणि सोडा घालूनच ओल्ड फॅशन्ड मागवतात व त्याचा त्यांना अभिमानही आहे. पण तसे असेल तर कृतीवर विस्कॉन्सिनचे नाव असावे आणि ग्लासात ब्रँडी असावी. १८९५ मध्ये बारटेंडर जॉर्ज कॅपलर यांनी न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या कृतीत फळ म्हणून केवळ लिंबाच्या सालीचा तुकडा आहे. आज बहुतेक जण संत्र्याची साल वापरतात. पांढरा भाग न घेता कापलेली पट्टी ग्लासावर धरून मुरडली, की तेलाचा बारीक फवारा उडतो आणि तेवढा वास पुरतो.

आपण दुरुस्ती छापणार असाल, तर महाराष्ट्रात असे मद्य घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो, ही ओळही कृतीखाली द्यावी.

– एक वाचक, ठाणे