बॅकअपची इमेज खराब आहे हे डिस्क पुसायच्या आधी का सांगितलं नाही?

प्रति,
कस्टमर सपोर्ट विभाग

नमस्कार,

तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर मी गेली तीन वर्षं वापरतेय, लायसन्स दरवर्षी वेळेत रिन्यू केलंय आणि आत्तापर्यंत एकदाही तक्रार केली नाही. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच रिस्टोअर करायची वेळ आली आणि त्यात माझं 11 आठवड्यांचं काम गेलं. तिकीट टाकून झालं, तीन उत्तरं आली, तिन्ही उत्तरांत मी विचारलेल्या प्रश्नाबद्दल एक ओळसुद्धा नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहून पाठवतेय, कृपया पूर्ण वाचा.

झालं असं की विंडोजचं एक अपडेट अर्धवट पडलं आणि मशीन परत परत रीस्टार्ट व्हायला लागलं. स्टार्टअप रिपेअरने काही झालं नाही. मला फार टेन्शन नव्हतं कारण एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर तुमच्या सॉफ्टवेअरने घेतलेली इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, होती, एक फुल आणि त्यानंतर दर रविवारी एक अशा 14 इन्क्रिमेंटल (आधीच्या फाईलनंतर जे बदललं तेवढंच ठेवणाऱ्या), म्हणजे 15 फाईल्स, आणि लॉगमध्ये पंधराही ठिकाणी हिरवी टिक आणि ‘बॅकअप यशस्वी’.

तुमच्याच विझार्डने बनवलेल्या रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर पहिला मेसेज, टार्गेट डिस्क (जिच्यावर रिस्टोअर करायचं ती) सापडली नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटअपमध्ये) डिस्क व्यवस्थित दिसत होती. यावर तुमच्या सपोर्टचं पहिलं उत्तर होतं की डिस्क फेल झाली असावी, नवीन घ्या. डिस्कला काहीही झालं नव्हतं. माझ्या मशीनमध्ये डिस्क म्हणजे एनव्हीएमई एसएसडी आहे आणि ती इंटेलच्या व्हीएमडी कंट्रोलरमागे आहे, म्हणजे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर असल्याशिवाय दिसत नाही, आणि तुमच्या रेस्क्यू मीडियात त्याचा ड्रायव्हरच नव्हता. मी दुसऱ्या लॅपटॉपवर ड्रायव्हर डाउनलोड केला, सेटअप फाईल उलगडून आतली आयएनएफ फाईल (ड्रायव्हरची माहिती देणारी) असलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकला, ‘लोड ड्रायव्हर’ केलं आणि डिस्क लगेच दिसली. चालू विंडोजमध्ये तो ड्रायव्हर होताच ना, मग रेस्क्यू मीडिया बनवतानाच तुमच्या विझार्डने तो उचलून घ्यायला हवा होता. नवीन डिस्क घेऊन बसले असते तर तीही दिसली नसती.

आता पुढचं जरा नीट वाचा कारण माझी खरी तक्रार इथून आहे.

डिस्क दिसल्यावर रेस्क्यू मीडियातल्या फाईल ब्राउझरमध्ये माझे सगळे फोल्डर मला दिसत होते. विंडोज उठत नव्हतं एवढंच, डेटा जागच्या जागी होता. त्यात एक फोल्डर होता आजोबांच्या डायऱ्यांचा. आजोबांचं अक्षर घरात फक्त आत्याला लागतं, आम्हाला कोणालाच लागत नाही, म्हणून ती रोज थोडं थोडं वाचून दाखवायची आणि मी टाईप करायचे. तो फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करायला पाच मिनिटंही लागली नसती. मी केला नाही, कारण इमेज आहे, पंधरा हिरव्या टिक आहेत, रिस्टोअर झालं की सगळं परत येणारच आहे असं मी धरून चालले.

रिस्टोअर सुरू करताना तुमचा प्रोग्राम विचारतो, डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जाईल, पुढे जायचं का. मी हो म्हटलं, ते मी नाकारत नाही. पण ते ‘हो’ इमेज चांगली आहे या भरवशावर होतं आणि तो भरवसा तुमच्याच लॉगने दिला होता. प्रोग्रामने आधी सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवली, लिहायला सुरुवात केली आणि 63 टक्क्यांवर थांबला. स्क्रीनवर ‘रिस्टोअर अयशस्वी, इमेज वाचता आली नाही’ आणि खाली एक कोड नंबर, बस. कुठली फाईल वाचता आली नाही ते नाही, फाईलचा कुठला ब्लॉक म्हणजे तुकडा ते नाही, आता काय करायचं तेही नाही.

मी केबल बदलली, 63. पोर्ट बदलला, 63. हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावून तिथून सगळ्या फाईल्स वेगळ्या डिस्कवर कॉपी केल्या आणि त्या लावून पाहिलं, तरी 63 वरच. केबल किंवा पोर्टचा दोष असता तर दर वेळी त्याच ठिकाणी अडलं नसतं. कॉपी होताना एकही रीड एरर आला नाही, मूळ फाईल्स आणि कॉपी यांचे हॅश (मजकुरावरून निघणारे ओळख-आकडे) काढून ताडून पाहिले तर जुळत होते, एक्स्टर्नल डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचायला अडणारे भाग, शून्य. म्हणजे फाईल वाचली जात होती बरोबर, आतला मजकूरच बिघडलेला होता. मग तुमचंच व्हेरिफाय टूल एकेका फाईलवर चालवत बसले. फुल पास, पहिली, दुसरी, तिसरी इन्क्रिमेंटल पास, चौथी फेल. पाचवीपासून चौदावीपर्यंत परत सगळ्या पास, पण त्या उभ्या आहेत चौथीच्या डोक्यावर, त्यामुळे चौथी गेली की पुढच्या दहाही गेल्यातच जमा.

याला माझ्या मशीनचा दोषही कारण असेल आणि मी तो लपवत नाही. नंतर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवली तेव्हा दोनपैकी एका रॅम स्टिकमध्ये एरर निघाले, त्यामुळे लिहितानाच काहीतरी चुकीचं लिहिलं गेलं असणार. पण तुम्ही प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकूर बिघडला का ते ताडायचा आकडा) फाईलमध्ये ठेवता आणि आज तो जुळत नाहीये. लिहितानाच बिघडलं असेल तर त्या रविवारीच फाईल एकदा परत वाचून पाहिली असती तरी हे कळलं असतं, आणि नंतर बिघडलं असेल तर रिस्टोअरच्या आधी वाचल्यावर कळलं असतं. दोन्हीपैकी एकाही वेळी तुमच्या सॉफ्टवेअरने ती वाचली नाही. ‘बॅकअपनंतर व्हेरिफाय करा’ हा ऑप्शन अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये तिसऱ्या टॅबवर आहे आणि मुळात बंद असतो, हे मला सगळं होऊन गेल्यावर सापडलं. मग ती हिरवी टिक नक्की कशाची आहे? फाईल लिहून झाली एवढ्याचीच ना? तर तिथे तेवढंच लिहा, ‘लिहून झालं, तपासलेलं नाही’. ‘यशस्वी’ हा शब्द वाचून माणूस निर्धास्त होतो.

तुमच्या दुसऱ्या उत्तरात म्हटलंय की टार्गेट डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असेल. अहो, डिस्क तीच आहे, बदललेलीच नाही, 500107862016 बाईट्स तेव्हाही होत्या आणि आजही आहेत, आणि हे मी तिकिटात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तिसऱ्या उत्तरात एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीची जुन्या पद्धतीची बूट नोंद) रिपेअर करायला सांगितलंय. माझी डिस्क जीपीटी आहे, मशीन यूईएफआयने बूट होतं, म्हणजे दोन्ही नव्या पद्धतीचं, तिथे एमबीआर रिपेअर करून काय उपयोग? तिसऱ्या इन्क्रिमेंटलपर्यंतचं रिस्टोअर झाल्यावरही मशीन बूट होत नव्हतं ते शेवटी मीच सोडवलं, विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये ईएफआय पार्टिशनला (बूटच्या फाईल्स असतात त्या भागाला) ड्राइव्ह लेटर दिलं आणि बूटच्या फाईल्स परत बनवणाऱ्या बीसीडीबूटची एक ओळ चालवली, त्यावर उठलं. ही एक ओळ तुमच्या सपोर्टच्या माणसाला माहीत असायला हवी होती.

मशीन आता चालू आहे, खराब रॅम काढून टाकलीय. पण ते 11 आठवड्यांपूर्वीच्या स्थितीत आहे. पुसलेल्या डिस्कवर टेस्टडिस्क (गेलेला डेटा शोधणारा प्रोग्राम) चालवून पाहिलं, पण 63 टक्के वरून लिहून झाल्यावर काही हाती लागलं नाही. डायऱ्या कपाटात आहेत, कागद कुठे गेलेला नाही, पण मधल्या काळात आत्याची नजर एवढी अधू झालीय की तिला आता ते बारीक अक्षर वाचता येत नाही. जे टाईप केलं होतं ते परत टाईप करायचं तर वाचून दाखवणार कोण?

माझ्या मागण्या सांगते. व्हेरिफाय सगळ्यांना मुळातच चालू करून द्या, वेळ जास्त लागला तरी चालेल, ज्याला नको तो बंद करेल. रिस्टोअरमध्ये एकाही पार्टिशनला हात लावायच्या आधी पूर्ण साखळी वाचून बघा आणि कुठे अडलं तर तिथेच थांबा, डिस्क आहे तशी राहू द्या. एरर आला तर फाईलचं नाव आणि तारीख सांगा, म्हणजे माझ्यासारखीला ते शोधायला तीन रात्री जागाव्या लागणार नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौथ्या फाईलमध्ये बिघडलेला भाग किती आहे ते मला कोणीतरी बघून सांगा. एखाददुसरा ब्लॉक असेल तर तेवढा सोडून बाकीचं काढता यायला पाहिजे, माझ्या डायऱ्यांचा फोल्डर सगळा मिळून काही एमबीचा होता, तो नेमका त्याच ब्लॉकमध्ये असेल असं मला वाटत नाही. तुमचा प्रोग्राम मात्र एक ब्लॉक चुकला की सगळ्यालाच नाही म्हणतो. तुमच्या इंजिनिअर्सकडे असं काही टूल असणार, फाईलचा फॉरमॅट तुमचाच आहे.

पंधराही फाईल्स मी जशाच्या तशा ठेवल्यात, एक कॉपी वेगळ्या डिस्कवर, शेड्यूल बंद केलंय म्हणजे जुन्या फाईल्स आपोआप डिलीट व्हायला नकोत. मेमटेस्टचा रिपोर्ट, व्हेरिफायचे पंधरा लॉग आणि हॅशची यादी सोबत जोडलीय. इमेज तुमच्याकडे पाठवायची असेल तर पाठवते, रिमोटने बघणार असाल तर सांगाल त्या वेळी मशीन चालू करून बसते. मला लायसन्सचे पैसे परत नकोत, तो फोल्डर हवाय.

प्लीज या वेळी हे पत्र ज्याला इमेजचा फॉरमॅट कळतो अशा माणसाकडे द्या.

आपली,
तीन वर्षांची ग्राहक