रिपोर्टमधलं 3.1

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रिपोर्ट मिळाला. साखरेचे आकडे सोडून तू पोटॅशियमच्या 3.1 खाली रेघ मारलीस, ते बरं केलंस. 'उद्यापासून रोज चार केळी' हा बेत मात्र तूर्त बाजूला ठेव. आधी गळती कुठे आहे ते शोधू, भरपाई नंतर.

रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंटच्या (हे क्षार मोजायचं एकक) दरम्यान असावं. 3 ते 3.5 ही सौम्य कमतरता. 2.5 च्या खाली गेलं तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. आकडा कितीही असो, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, पाय उचलता न येणं किंवा श्वास लागणं यातलं काही झालं तरी तेच. एरवी लक्षणं इतकी मोघम असतात की मधुमेहाच्याच खात्यात जातात: पायात गोळे, थकवा, बद्धकोष्ठता, वरचेवर लघवी. सगळं 'साखरेमुळे' म्हणून सोडून दिलं जातं.

आता मूळ मुद्दा. शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आपण मोजतो ते बाहेरचं उरलेलं दोन टक्के. आतबाहेर करणाऱ्या दरवाज्याची एक किल्ली इन्सुलिनकडे आहे. इन्सुलिन साखर पेशीत नेतं तसं पोटॅशियमही आत ढकलतं. म्हणून मधुमेह्याच्या रिपोर्टमधला हा आकडा कधीकधी चक्क फसवतो.

सर्वात मोठी फसगत कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लयुक्त होण्याच्या गंभीर अवस्थेत होते. इन्सुलिन नाही, साखर प्रचंड वाढलेली, लघवीवाटे आणि उलट्यांतून पोटॅशियम चाललेलं. एकूण तूट किलोमागे 3 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे 70 किलोच्या माणसात 210 ते 350. तरीही पहिल्या रिपोर्टमध्ये आकडा नॉर्मल किंवा वाढलेला दिसतो, कारण पेशींतलं पोटॅशियम बाहेर आलेलं असतं. मग सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं की ते परत आत शिरतं आणि रक्तातला आकडा काही तासांत धाडकन खाली येतो. हृदयाचा ठोका बिघडण्याची वेळ हीच. म्हणून रुग्णालयात आधी पोटॅशियम बघतात. ते 3.5 च्या खाली असेल तर इन्सुलिन थोडं थांबवून आधी पोटॅशियम देतात, आणि उपचार चालू असताना दर दोन ते चार तासांनी पुन्हा तपासतात. हा निर्णय रुग्णालयातलाच, मॉनिटर लावून घ्यायचा. घरी पोटॅशियमच्या भीतीने कुणी इन्सुलिन बंद केलं तर तो कीटोअ‍ॅसिडोसिसच ओढवून घेईल. नेहमी जेवणाऱ्या माणसाचं पोटॅशियम रोजच्या नेमक्या डोसने सहसा घसरत नाही.

तुझी गोष्ट वेगळी असावी. रक्तदाबाच्या गोळीची पट्टी उलटी करून बघ. बारीक अक्षरात दोन नावं असतील आणि त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर माझा पहिला संशय त्यावर. ही लघवी वाढवणारी औषधं सोडियमबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात. घसरण बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते आणि मात्रा जास्त तितकी जास्त. त्यात जेवणात मीठ भरपूर असेल तर गळती आणखी वाढते. मीठ कमी कर म्हणतात ते फक्त रक्तदाबासाठी नाही.

यात एक गुंता आहे, त्याकडे डॉक्टरांचंही कधीकधी लक्ष जात नाही. पोटॅशियम कमी झालं की स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं. साखर वाढते. मग मधुमेहाची गोळी वाढवली जाते, जेव्हा खरा दोष रक्तदाबाच्या गोळीत असतो. ही गोळी सुरू झाल्यानंतर तुझी साखर चढली का, तारखा जुळवून बघ.

बाकीचे संशयित: जुलाब (मेटफॉर्मिनचेही असू शकतात), उलट्या, सारक औषधांची सवय, स्टिरॉइड, दम्यासाठी घेतलेलं जास्त मात्रेतलं साल्ब्युटामॉल, आणि रोज चघळला जाणारा ज्येष्ठमध. शेवटचं कुणी औषध म्हणून सांगतच नाही. औषधं घेऊनही रक्तदाब चढाच आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा कमी, असं असेल तर अल्डोस्टेरॉनची (मीठ धरून ठेवून पोटॅशियम बाहेर टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी मागून घे.

मॅग्नेशियमही तपासून घे. लघवीतून साखर जाते तेव्हा तेही जातं, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी कमी होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरूनच ठेवत नाही. कितीही प्या, आकडा हलत नाही.

रक्त पुन्हा देताना मूठ जोरात आवळू-सोडू नकोस. त्याने, किंवा नळीत रक्तपेशी फुटल्याने, आकडा खोटा वाढतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

आता केळ्यांचा हिशेब. मध्यम केळ्यात साधारण 420 मिलिग्रॅम, म्हणजे 11 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम आणि 27 ग्रॅम कर्बोदकं. उपचारासाठी दिवसाला 40 द्यायचे झाले तर जवळजवळ चार केळी आणि शंभरावर ग्रॅम कर्बोदकं! शिवाय लघवीच्या औषधांमुळे क्लोराइडही गेलेलं असतं, ते फळातून फारसं भरून येत नाही. म्हणून पोटॅशियम क्लोराइडच देतात. सिरपच्या 15 मिलीत बहुधा 20 मिलीइक्विव्हॅलंट असतात, पण बाटलीवर वाचून घे, आणि चमचा नको, मापाचं झाकण वापर. पेलाभर पाण्यात मिसळून जेवणानंतर, हळूहळू. हळू विरघळणाऱ्या गोळ्या चावू किंवा फोडू नयेत. ज्या मधुमेह्याचं जठर मंदावलंय त्याला त्या देऊच नयेत. एकाच जागी अडकून व्रण करतात, त्याला सिरपच बरं.

हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, हं. कारण पट्टीवरचं दुसरं नाव टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं असेल तर ते पोटॅशियम वाढवतं. मूत्रपिंड थोडं जरी दमलं असेल, तर स्वतःच्या मनाने घेतलेलं सिरप किंवा 'कमी सोडियमचं' मीठ (त्यात पोटॅशियम क्लोराइडच असतं) आकडा सहाच्या पुढे नेऊ शकतं. ते तर 3.1 पेक्षाही वाईट. बऱ्याचदा सिरपपेक्षा गोळीची मात्रा कमी करणं किंवा गोळी बदलणं हाच खरा उपाय ठरतो. तेही आपल्या मनाने करू नकोस.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांना भेट. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि ईसीजी करून घे. गोळी बदलली किंवा सिरप सुरू झालं तर साधारण आठवड्याने पोटॅशियम पुन्हा. रिपोर्ट आले की पाठव, आणि सोबत सगळ्या पट्ट्यांचे मागच्या बाजूचे फोटोही. ज्येष्ठमधाची डबी असेल तर तिचाही.

तुझा,
जुना मित्र