देखरेखीचे आश्वासन न पाळल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नैराश्यावरील घरगुती टीडीसीएस (डोक्यावरून मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह देणाऱ्या) हेडसेटची रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या धाकट्या भावाच्या नैराश्यासाठी, त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संमतीने, मी आपला हेडसेट विकत घेतला. कपाळावर दोन इलेक्ट्रोड ठेवून अर्धा तास दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह देण्याच्या या पद्धतीला माझा विरोध नाही. आपण ती ज्या रीतीने विकता, तिला आहे.

आपल्या जाहिरातीत 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, १७४ रुग्णांच्या चाचणीचा दाखला आहे. तीत दहा आठवड्यांनंतर खरा प्रवाह मिळालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के, तर नुसता देखावा केलेल्या गटातील सुमारे २२ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, हे खरे आहे. मात्र त्या रुग्णांशी संशोधक व्हिडिओ कॉलवरून संपर्क ठेवून होते, हे आपण सांगत नाही. आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील २१० रुग्णांच्या चाचणीत देखरेखीविना घरी वापरलेले असे यंत्र देखाव्यापेक्षा सरस ठरले नाही, याचा तर उल्लेखही नाही. देखरेख हा या उपचारात वरकड खर्च नव्हे. तिचे पैसे आपण किमतीत धरलेही होते, तरी आठवड्याचा ठरलेला कॉल आम्हाला एकदाही आला नाही.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत इलेक्ट्रोडखालच्या ओल्या स्पंजांना बुरशी आली, तेव्हा आपल्या मदतवाहिनीवरील प्रतिनिधीने ते नळाखाली धुऊन वापरण्यास सांगितले. स्पंज सगळीकडे सारखा भिजलेला नसेल तर प्रवाह एकाच ठिकाणी एकवटून त्वचा भाजू शकते, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. भावाच्या कपाळावर डाग उठल्यावर डॉक्टरांनी वापर थांबवला. त्यातच 'गोळ्यांपासून सुटका' ही आपली ओळ वाचून औषध बंद करू का, असे तो विचारू लागला. आजारी माणसापुढे असे शब्द ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, डॉक्टरांना लेखी खुलासा पाठवावा आणि ती ओळ जाहिरातीतून काढावी. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावती, छायाचित्रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, मुलुंड (पूर्व), मुंबई