औषधाच्या चुकीची भरपाई: पुराव्याचे ओझे रुग्णावरच का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्यावर वाहनाच्या धडकेत माणूस गंभीर जखमी झाला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात; मृत्यू झाला तर पाच लाख. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्या माणसाला त्या चाचणीमुळे इजा झाली, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे त्याचे उपचार आणि भरपाई प्रायोजकाच्या माथी असते. पण चिठ्ठी घेऊन दुकानात गेलेल्या साध्या रुग्णाच्या हातात भलतेच औषध पडले आणि तो मरता मरता वाचला, तर चूक कोणाची, कशी, तिच्यामुळेच इजा झाली का, हे सगळे त्यानेच सिद्ध करायचे. वकील त्यानेच करायचा, कागद त्यानेच गोळा करायचे, आणि तोवर कर्जही त्यानेच फेडायचे. आमचे घर सध्या यातून जात आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या आईला आमवात आहे. तिला मेथोट्रेक्सेट सुरू होते. आमवातावर हे जगभर वापरले जाणारे, चांगले औषध आहे; पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याचा त्रास होऊ नये म्हणून इतर दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी देतात. दोन्ही गोळ्या लहान, बहुतेक वेळा पिवळसर, आणि दोन्हींच्या काही ब्रँडची नावे 'फोल'नेच सुरू होतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन्ही औषधे नीट लिहिली होती. दुकानात मात्र फॉलिक ॲसिडच्या जागी मेथोट्रेक्सेटचीच आणखी एक स्ट्रिप दिली गेली, आणि काउंटरवरच्या मुलाने तिच्या मागच्या चांदीवर बॉलपेनने लिहिले, 'रोज १, जेवणानंतर'. आई सांगितल्याप्रमाणे रोज घेत राहिली.

आधी तोंड आले. भाकरी सोडाच, ताकाचा घोटही झोंबायला लागला. मग ताप, मग दंडांवर आणि पोटऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली गेल्या होत्या आणि प्लेटलेट्सही कोसळल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी पिशवीतली सगळी औषधे टेबलावर ओतायला लावली, ती स्ट्रिप उलटी केली, ते अक्षर वाचले आणि आईला विचारले, "मावशी, ही गोळी रोज घेत होतात?" त्या एका प्रश्नाने तिचा जीव वाचला. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने लगेच सुरू झाली. तरी आयसीयू चुकले नाही, न्यूमोनिया व्हायचा तो झालाच. आज ती घरी आहे, पण जिना चढताना धाप लागते. ब्लाउज शिवून ती घरखर्चाला हातभार लावायची. ते मशीन बंद आहे. आणि आता कोणतीही गोळी तोंडात टाकायची म्हटली की तिचा हात थांबतो. आमवाताचे दुखणे त्यामुळे पुन्हा उचलले आहे.

दुकानदार आधी घरी आले, हात जोडले. औषधाचे पैसे परत आणि दवाखान्याच्या बिलातले थोडे देतो म्हणाले, मात्र 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून द्या. आम्ही नकार दिल्यावर सूर बदलला: ती स्ट्रिप आमच्या दुकानातली कशावरून? बिल म्हणून आम्हाला मिळाले होते ते बेरीज केलेले एक चिठोरे. चिठ्ठीशिवाय विकता न येणारे हे औषध. त्याच्या पक्क्या बिलावर नाव, बॅच नंबर, मुदत सगळे असायला हवे. औषध प्रशासनाकडे तक्रार केली, निरीक्षक येऊन गेले. परवान्यावर काय कारवाई करायची ती ते करतील. पण परवाना निलंबित झाल्याने आईचे दागिने सोडवता येत नाहीत. डॉक्टरची चूक असती तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाता आले असते. ती परिषदही नोंदणी स्थगित करू शकते, रुग्णाला एक रुपया देऊ शकत नाही. फौजदारीचा मार्ग आहे, पण कोणाला तुरुंगात पाठवण्यात आम्हाला रस नाही. आम्हाला झालेला खर्च, बुडालेली कमाई आणि पुढचे उपचार यांचे पैसे हवे आहेत. 'जीव वाचला ना, मग आता पैशामागे काय लागता?' असे आम्हाला ऐकवणाऱ्यांना मी एवढेच सांगते की सोने तारण ठेवून आयसीयूचे बिल आम्ही भरले आहे, चुकणाऱ्याने नव्हे.

भरपाई मिळतच नाही असे नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका प्रकरणात, होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या डॉक्टरला मृत रुग्णाच्या पत्नीला तीन लाख रुपये द्यायला लावले. १९९८ चा स्प्रिंग मेडोज खटला तर थेट आमच्यासारखाच. दिल्लीतल्या रुग्णालयात टायफॉइडसाठी दाखल केलेल्या मुलाला डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिले होते. नर्सने ते क्लोरोक्विन समजून तेच बाहेरून मागवले आणि शिरेतून दिले. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापापोटी वेगळे पाच लाख मंजूर झाले. उपचार करून घेणारे आईबापही ग्राहकच, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. आजाऱ्याची शुश्रूषा करून थकलेल्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे.

आणि तरीही वेळ किती लागतो ते बघा. कोलकात्यात अंगावर पुरळ आले म्हणून अनुराधा साहा यांना डेपो-मेड्रॉल हे स्टिरॉइडचे इंजेक्शन ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा दिले गेले. दिवसाला दोनदा देण्याचे हे औषधच नव्हे. मे १९९८ मध्ये त्यांचा मुंबईत मृत्यू झाला. सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा स्वतः डॉक्टर, अमेरिकेत राहणारे. त्यांनी पंधरा वर्षे चिकाटीने लढा दिला. आमच्या तालुक्यात शिवणकाम करणाऱ्या बाईने पंधरा वर्षे कशाच्या जोरावर लढायचे?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात पुढची तारीखच तीन महिन्यांनंतरची मिळते. याच कायद्याने मध्यस्थीची चांगली सोय केली. पण २०२० च्या मध्यस्थी नियमांतल्या चौथ्या नियमाने गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणे त्यातून वगळली. म्हणजे फ्रिज बिघडला तर समोरासमोर बसून महिनाभरात मिटवता येईल, आणि ज्यांना पैशाची निकड सर्वांत जास्त, त्यांनाच हे दार बंद. हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही.

दुसरी अडचण तज्ज्ञाच्या मताची. मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा दबते, हे आम्हाला भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरने तोंडी सांगितले. कागदावर लिहून द्यायला एकही तयार नाही. त्याच गावात त्यांनाही व्यवसाय करायचा आहे. २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही. त्या प्रकरणात हिवताप असलेल्या स्त्रीवर टायफॉइडचे उपचार झाले होते, आणि चूक उघड होती. आमच्या बाबतीत डिस्चार्ज कार्डावर 'मेथोट्रेक्सेटची विषबाधा' असे स्वच्छ लिहिले आहे. तरीही ग्राहक आयोगापुढे विरुद्ध बाजूचे वकील तज्ज्ञ आणा म्हणतात आणि त्यात आणखी महिने जातात.

सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणाऱ्याची स्थिती याहून बिकट. सर्वांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्यात बसत नाही. त्याने दिवाणी न्यायालयात जायचे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहून एक स्त्री दगावली. राज्य सरकार जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अखेर ठरवले ते अच्युतराव खोडवा खटल्यात, १९९६ साली. ती औषधाची चूक नव्हती, पण सरकारी रुग्णालयातल्या चुकीची किंमत मिळायला किती काळ जातो ते यावरून कळावे.

ज्या वाचकांवर अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी थोडे. उरलेली स्ट्रिप, रिकामी बाटली, चिठोरेसुद्धा टाकू नका; आमच्या हातात आज जे काही आहे ते त्या बॉलपेनच्या अक्षरामुळे. केस पेपरच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. आयोग कोणता हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, औषधाला किंवा उपचाराला मोजलेल्या पैशावरून ठरते; ते पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्कही लागत नाही. वकील सक्तीचा नाही. आणि दुकानाचे खरेदीचे कागद, बॅच नंबरची नोंद हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे, तो अर्ज पहिल्याच तारखेला द्या.

माझी मागणी शासनाकडे आहे. वाहन रस्त्यावर आणण्याआधी तिसऱ्या पक्षाचा विमा काढावाच लागतो. मग औषध दुकानाच्या परवान्याला आणि रुग्णालयाच्या नोंदणीला अशाच विम्याची अट का नाही? चुकीचे औषध, चुकीची मात्रा, भलत्याच रुग्णाला दिलेले इंजेक्शन, ॲलर्जी नोंदवलेली असताना दिलेली गोळी: या चुकांमध्ये वाद घालण्यासारखे फारसे नसतेच. अशा वेळी ठरावीक रक्कम दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता विम्यातून मिळावी आणि उरलेल्या हक्कासाठी आयोगाचे दार उघडे राहावे. सरकारी रुग्णालयांसाठी हा पैसा शासनाने द्यावा. न्यूझीलंडमध्ये उपचारातून झालेल्या इजेला कोणाचा दोष सिद्ध न करता भरपाई मिळते, त्यामुळे हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. यात डॉक्टरांचे आणि औषध विक्रेत्यांचेही हित आहे. चूक कबूल केली की दुकान बुडेल ही भीती नसेल, तर आमच्याकडे आलेले दुकानदार पहिल्या दिवशी हात जोडून जे बोलले, त्यावरच ठाम राहिले असते असे मला वाटते.

या मागणीचे निवेदन आम्ही आमच्या आमदारांना दिले आहे. मध्यस्थीचा नियम केंद्राचा असल्याने खासदारांनाही वेगळे पत्र पाठवले आहे. इतर तालुक्यांतून अशीच निवेदने गेली, तर येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारायला लोकप्रतिनिधींना भाग पडेल. ज्यांना निवेदनाचा मसुदा हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे विचारणा करावी. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

प्रकरण आयोगापुढे असल्याने माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)